पाटीवरचा बिबट्या कोणाचा?

(लेखिकेने समाजकार्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले असून ती ऊसपट्ट्यातील बायकांच्या बचतगटांबरोबर काम करते. स्त्री-संघटनांच्या मेळाव्यात तिने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

मी आज बिबट्याच्या चित्राबद्दल बोलणार आहे असे संयोजकांनी जाहीर केले, तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू झाले. साहजिकच आहे. सकाळपासून आपण पोटगी, मारहाण आणि सातबाऱ्यावरचे नाव यांवर बोलतो आहोत, आणि त्यात हे चित्र कुठून आले? पण हा प्रश्नही मालकीचाच आहे. शिवाय यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती तुमच्यापुढे मांडावी, म्हणजे तुमच्यापैकी कोणी ती पुन्हा करणार नाही, एवढाच हेतू.

मी ज्या भागात काम करते तो उसाचा भाग आहे. पूर्वी बिबट्या डोंगरात असायचा. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला. उसात सावली, पाणी, लपायला जागा आणि आजूबाजूला कुत्री, शेळ्या, डुकरे. मादी उसातच विते. तिथेच वाढलेल्या पिल्लांना डोंगर माहीतच नसतो. गळीत हंगाम सुरू झाला की ऊस तोडताना पाचटात पिल्ले सापडतात. आमच्याकडे बायका बिबट्याला बिबट्या म्हणत नाहीत, ‘वाघ’ म्हणतात, नाहीतर नुसतेच ‘ते’.

आमच्या भागात वन्यप्राण्यांसाठी काम करणारे एक केंद्र आहे. विहिरीत पडलेले, गाडीने उडवलेले, फासात अडकलेले प्राणी तिथे आणतात, उपचार करतात, जमेल त्यांना परत सोडतात. काम चांगले आहे, आणि पुढे मी जी तक्रार करणार आहे ती त्या कामाबद्दल नाही. नाव मी घेणार नाही, कारण नाव घेतले की चर्चा त्या एका संस्थेवर जाते, आणि मला बोलायचे आहे ते आपल्याबद्दल.

२०२१ च्या पावसाळ्यात केंद्राने ठरवले की आपली एक ‘ओळख’ तयार करायची. नवे नाव, बोधचिन्ह, बोधवाक्य, फाटकावरची पाटी, गाडीवरचे चित्र, कर्मचाऱ्यांचा गणवेश, शाळांसाठी पत्रके. याला ब्रँड म्हणतात. साबणाला ब्रँड असतो हे आपल्याला माहीत आहे. जनावरांच्या दवाखान्याला कशाला हवा? कारण देणग्या देणारे विचारतात. शंभर संस्था दारात उभ्या असताना आपली संस्था लक्षात राहावी लागते. त्यासाठी सातजणांची समिती झाली. ‘स्थानिक समाजाची प्रतिनिधी’ म्हणून मला घेतले. समितीत मी एकटी बाई. स्थानिकही मी फारशी नव्हते, मी पुण्याची. पण मला बरे वाटले, हे कबूल करते.

पहिल्या बैठकीत चित्रकाराने पांडाचा दाखला दिला. तो तुम्हीही पाहिला असेल. १९६१ साली ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’ स्थापन झाला तेव्हाचे ते चिन्ह. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तेव्हा ची-ची नावाची पांडा मादी होती. तिच्यावरून जेराल्ड वॉटरसन यांनी रेखाटने केली आणि पीटर स्कॉट यांनी त्यांतून चिन्ह तयार केले. पांडा काळा-पांढरा, म्हणजे छपाईचा खर्चही कमी. भाषा येवो न येवो, बघणाऱ्याला लळा लागतो. चित्रकार म्हणाला, असे काहीतरी हवे.

मला तेव्हा सुचले नाही, ते आज सांगते. ते चिन्ह लांब राहून पैसे देणाऱ्या माणसासाठी काढलेले होते, आणि त्या कामाला ते उत्तम होते. पण पांडा कोणाच्या गोठ्यात शिरत नाही. रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी धरायला निघालेल्या बाईला तो बांधावर भेटत नाही. आमच्या केंद्राची पाटी त्या बाईच्या रोजच्या रस्त्यावर लागणार होती.

तीन चित्रे तयार झाली. पहिल्यात काळ्या रंगावर पिवळे डोळे आणि उघडे दात. दुसऱ्यात मोठ्या डोळ्यांचे गोंडस पिल्लू. तिसऱ्यात हातमोजा घातलेला एक रुंद हात आणि त्यात विसावलेले पिल्लू. समितीला तिसरे आवडले, मलाही. मी म्हटले, गटातल्या बायकांना दाखवून आणते. खरे सांगायचे तर मला त्यांचे मत नको होते, संमती हवी होती. ‘लोकसहभाग’ असा एक रकाना अहवालात असतोच.

समाजमंदिरात बारा-तेराजणी जमल्या. हंगाम सुरू झालेला होता, म्हणून शेजारच्या फडातल्या ऊसतोड टोळीतल्या तिघी-चौघीही येऊन बसल्या, कोयते दारात ठेवून. मी चित्रे भिंतीला लावली. बराच वेळ कोणी बोलेना.

मग एक मावशी दातांच्या चित्राकडे बोट करून म्हणाल्या, “ताई, ह्यो आमच्यावरच गुरगुरतोय व्हय? आम्ही काय केलं त्याचं?”

पिल्लाच्या चित्रावर मात्र शांतता. मग मागे बसलेली एक बाई उठली. तिच्या दिराचा मुलगा घरामागच्या उसाच्या कडेला बिबट्याने नेला होता. ती चढ्या आवाजात बोलली नाही. म्हणाली, “वाघ मारा असं मी म्हणत नाही. पण त्याला असा बाहुलीवानी काढू नका. आमच्या दारावरनं त्याची गाडी जाईल. पोरगं गेलेल्या घराला ते बघावं लागंल.”

समितीच्या एकाही बैठकीत हा मुद्दा निघाला नव्हता. निघणार कुठून? त्या सातजणांत तसे घर कोणाचेच नव्हते.

तिसऱ्या चित्रावर टोळीतली एक तरुण बाई हसली. म्हणाली, “हा हात कुणाचा? पिल्लं घावतात ती आम्हाला. मी मोळी बांधायला वाकले तर पाचटात तीन होती. मुकादमाला हाक मी मारली. सायेब दोन तासांनी आलं.” दुसरी म्हणाली, “आन् हातात घेऊन काय करत्यात? आईच नेती त्यांला.”

ती बरोबर होती. पिल्ले सापडली की ती तपासून संध्याकाळी त्याच शेतात क्रेटमध्ये किंवा खोक्यात ठेवतात आणि माणसे दूर होतात. रात्री मादी येते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. वनखाते आणि प्राणिमित्र संस्था हे काम आपल्याकडे अनेक वर्षे करत आहेत. पिल्लू उचलून नेले तर चवताळलेली मादी त्या शिवारात घिरट्या घालते आणि धोका वाढतो. म्हणजे केंद्राचे खरे काम पिल्लू हातात ठेवण्याचे नव्हतेच, ते आईपर्यंत पोचवण्याचे होते. आमचे चित्र नेमके उलटे सांगत होते.

यातली गंभीर बाजू मला नंतर अभ्यासातून कळली. बिबट्या दिसला की पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा, अशी लोकांची मागणी असते. भीती खरी आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर वनविभागाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मग बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली, आणि ही सरासरी १७ वर गेली. परक्या मुलखात सोडलेला, पकडताना बिथरलेला प्राणी जास्त धोक्याचा ठरला. आता सांगा, ज्या केंद्राच्या पाटीवर ‘बिबट्या आमच्या हातात सुरक्षित’ असे चित्र असेल, त्याच्या दारात लोक काय मागणी घेऊन येणार? ‘आमचाही घेऊन जा’ हीच. चित्र म्हणजे नुसती शोभा नसते. ते लोकांना काय मागायचे ते शिकवते.

मी बायकांना विचारले, मग तुम्ही काय काढाल? गोधड्या शिवणाऱ्या एका आजींनी पुढच्या आठवड्यात हातभर कापड आणले. हिरव्या ठिगळांचा ऊस, पट्ट्यापट्ट्यांचा. त्यातून जाणारी पिवळ्या लुगड्याच्या तुकड्याची मादी, अंगावर काळ्या धाग्याचे ठिपके, तोंडात पिल्लू. कोपऱ्यात पाठमोरी बाई, डोक्यावर मोळी. दोघी आपापल्या वाटेने चालल्या आहेत, एकमेकींकडे न बघता. नंतर गटातल्या आणखी सहाजणींनी तसेच तुकडे शिवले.

समितीत मी ते टेबलावर पसरले आणि वाद झाला. ‘फार भरगच्च आहे’, ‘लहान आकारात दिसणार नाही’, ‘बाई कशाला हवी, केंद्र प्राण्यांचे आहे’. चित्रकाराची पहिली हरकत खरी होती. बोधचिन्ह नखाएवढे छापले तरी ओळखू यावे लागते, एका रंगातही उमटावे लागते. त्याने मेहनत घेतली, ऊस तीन रेघांवर आणला, ठिपके कमी केले. पण बाई गेली. मी भांडले, थोडीशी. मग मादी आणि पिल्लू राहिले यातच समाधान मानले. दात गेले, हातमोजा गेला, हे कमी नव्हते. बोधवाक्यही बदलले. ‘वाचवा’ हा शब्द गेला आणि ‘सांभाळून राहू’ असे आले, तेही बैठकीतल्या एका बाईचेच बोलणे.

पाटी लागली. कार्यक्रम झाला. बायकांना नारळ आणि शाल मिळाली. मी भाषण केले.

माझी चूक इथून सुरू होते. आठ-दहा महिन्यांनी गटातल्या एकीचा मुलगा पुण्याला एका प्रदर्शनात गेला. तिथे केंद्राचे दालन होते. पिशव्या, कप, टी-शर्ट, दिनदर्शिका, सगळ्यांवर ते चित्र. काही पिशव्यांवर तर आजींच्या तुकड्याचा जसाच्या तसा फोटो, पाठमोऱ्या बाईसकट. खाली बारीक अक्षरांत ‘स्थानिक महिलांच्या कलेपासून प्रेरित’. पोराने एक पिशवी विकत आणली, साडेतीनशे रुपयांना.

पुढच्या बैठकीत ती पिशवी मध्यभागी ठेवलेली होती. आजी म्हणाल्या, “ताई, माझं वाघरू लईच महाग झालं की गं.” सगळ्या हसल्या. मला हसता आले नाही. मग एकीने सरळ विचारले, “तुम्ही होता ना तिथं? कागूद केला व्हता का काही?”

केला नव्हता. मैत्रिणींनो, मी समाजकार्यात एम. ए. केले आहे. पंचनामा कसा लिहायचा, तक्रारीची पोच कशी घ्यायची, हे मी बायकांना शिकवते. नवऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस असे सांगते. आणि सात बायकांचे काम मी टेबलावर ठेवून आले, साध्या कागदावर चार ओळी न लिहिता. कारण ते मला ‘काम’ वाटलेच नाही. गोधडी बाई दुपारी पाय पसरून शिवते, तिला कोण मजुरी देतो? चित्रकाराला मानधन होते, त्याचे करारपत्र होते, त्याचे नाव अहवालात होते. घरकामाला मोल नाही म्हणून आपण वर्षानुवर्षे बोलतो. तोच हिशेब मी स्वतः केला होता.

मग आम्ही वकील मैत्रिणीकडे बसलो. तिने जे समजावले ते तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्र ज्याने काढले तो सहसा त्याचा पहिला मालक. नोकरीचा भाग म्हणून काढले असेल तर गोष्ट वेगळी, पण आमच्या बायका केंद्राच्या नोकर नव्हत्या. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो, असे कलम १९ सांगते. किती वर्षांसाठी हे लिहिले नसेल तर तो पाच वर्षांपुरता आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर भारतापुरता धरतात. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क देऊन टाकल्यावरही ‘हे माझे काम आहे’ असे सांगण्याचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. म्हणजे शाल घेतली म्हणून बायकांचा हक्क गेला नव्हता.

कोर्टात जायचे की नाही यावर गटात दोन बैठका झाल्या. बायकांनीच नको म्हटले. “केंद्र बंद पडलं तर पिल्लं घावल्यावर कुणाला फोन करायचा?” हे त्यांचे व्यवहारी बोलणे. बोलणी केली. सुरुवातीला ‘तुम्ही सगळे पैशात का मोजता, हे निसर्गाचे काम आहे’ असे ऐकून घ्यावे लागले. निसर्गाचे, देशाचे, समाजाचे काम निघाले की बायकांनीच फुकट करायचे असते, हे तुम्हाला नवे नाही. चार महिन्यांनी करार झाला. त्या चित्राच्या वस्तूंच्या विक्रीतला दहावा हिस्सा गटाच्या खात्यात, प्रत्येक वस्तूवर सातजणींची नावे, आणि केंद्राच्या सल्लागार समितीत गटाच्या दोघीजणी. आधी विकल्या गेलेल्या मालाचे काही मिळाले नाही. पाटीवरची बाईही परत आली नाही.

आता याच्या शेजारी आसाममधले एक उदाहरण ठेवते. तिथे हरगिला नावाचा मोठा करकोचा आहे. नावाचा अर्थच हाडे गिळणारा. पक्षी दिसायला बेढब, अपशकुनी मानलेला. घरटी लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर. खाली विष्ठा पडते, कुजके मांस पडते, म्हणून लोक झाडे तोडत. पूर्णिमादेवी बर्मन या संशोधक अभ्यासासाठी तिथे होत्या. २००७ मध्ये असे एक झाड तोडलेले आणि पिल्ले खाली पडलेली त्यांनी पाहिली. त्यांनी बायकांना एकत्र आणले. अंगणातली घाण शेवटी झाडावी कोणाला लागत होती? बाईलाच. पक्षिणीची वीण आली की गर्भार बाईचे डोहाळे पुरवावेत तसा सोहळा त्या करू लागल्या. घरोघरी माग होतेच. त्यांवर हरगिला विणला जाऊ लागला, साड्यांवर, मेखला-चादरींवर. त्या बायकांना ‘हरगिला आर्मी’ म्हणतात. कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पाचरिया आणि सिंगिमारी या गावांतली घरटी २८ होती, ती २५० च्या वर गेली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान बर्मन यांना मिळाला.

तिथे कामाची ओळख बायकांच्या सणातून आणि मागावरून तयार झाली. विणणाऱ्या त्याच, नेसणाऱ्या त्याच, विकणाऱ्याही त्याच. आमच्याकडे चिन्ह आधी बाहेर ठरले आणि मग बायकांकडे आले. फरक चित्रकाराच्या हुशारीचा नव्हता. कोणाला आधी विचारले, याचा होता.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या भागात अभयारण्य असेल, पक्ष्यांचे केंद्र असेल, कासवांचा महोत्सव असेल, तिथे लवकरच कोणीतरी बायकांचे फोटो, ओव्या, भरतकाम, पाककृती मागायला येईल. मागू द्या. पण आधी विचारा: हे चित्र कोणाला दिसणार आहे? त्यात कोण आहे आणि कोणाला काढून टाकले? नाव कोणाचे लागेल? विकले तर पैसे कोणाचे? पुढच्या बैठकीत खुर्ची कोणाला? आणि उत्तरे कागदावर घ्या, बायकांना वाचून दाखवून, त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने. ताईच्या भरवशावर नको. मीही ताईच होते.

एक गोष्ट राहिली, आणि ती अजून सुटलेली नाही. “हा हात कुणाचा?” असे विचारणारी ती ऊसतोड करणारी बाई आमच्या गटात नव्हती. तिचे गाव लांब, पट्टा पडला की टोळी निघून गेली. तिच्या एका प्रश्नाने सगळे चित्र बदलले, पण करारातल्या सात नावांत तिचे नाव नाही. तिने कापड शिवले नव्हते, म्हणून कायद्याने तिचा हक्क बसत नाही, असे वकील मैत्रिणीने सांगितले. गटातल्या बायकांनी मात्र ठराव केला आहे की खात्यात जमलेल्या पैशातून फडावरच्या कोप्यांसाठी सौरदिवे घ्यायचे, म्हणजे पहाटे अंधारात बाहेर पडणाऱ्या बायकांना उजेड असेल. त्या टोळ्यांना विचारून घ्यायचे, असेही ठरावात लिहिले आहे.

हंगाम सुरू झाला की मी फडावर जाणार आहे. ती बाई भेटली तर तिला आधी ती पिशवी दाखवायची आहे.